गाडी विकताना कागद कसे सांभाळाल: जाहिरातीपासून आरसीवर नाव बदलेपर्यंत

माझ्या मामांनी त्यांची जुनी मोटरसायकल बावीस हजारांना विकली. गावातल्या मेकॅनिकनं गिऱ्हाईक आणलं, अंगणात चहा झाला, मामांनी कोऱ्या टीटी फॉर्मवर, म्हणजे गाडीवरचं नाव बदलण्याच्या अर्जावर, तीन-चार सह्या केल्या आणि आरसी, किल्ली, विम्याचा कागद सगळं त्या माणसाच्या हातात दिलं. पाच वर्षांनी पोस्टमन मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस घेऊन आला. त्या गाडीनं कुणाला तरी उडवलं होतं आणि आरसीवर नाव मामांचंच होतं. घेणाऱ्याचं नाव त्यांना आठवेना. आम्ही सगळी लोखंडी पेटी उपसली. मिळालं काय, तर जुन्या डायरीतलं एक पान: 'गाडीचे २२ आले.' तारीख नाही, नाव नाही, गाडीचा नंबरसुद्धा नाही. त्या एका ओळीच्या बळावर मामांना कोर्टात उभं राहावं लागलं. त्यानंतर घरातली, शेजारची, मित्रांची जी जी गाडी विकली गेली, तिच्या कागदांसोबत मी स्वतः बसलो आहे. त्या बसण्यातून जे हाती लागलं ते इथे क्रमानं लिहितो.

आधी कायदा काय म्हणतो ते पक्कं करू. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ज्याच्या नावावर गाडीची नोंदणी, तो मालक. किल्ली कुणाकडे आहे, पैसे कुणी मोजले, नोटरीपुढे काय लिहिलं, यानं ते बदलत नाही. २००७ मध्ये विकलेली आणि मग हातोहात पुढे गेलेली एक कार २००९ मध्ये अपघातात सापडली, तेव्हा आरसीवर पहिल्याच मालकाचं नाव होतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये भरपाईची जबाबदारी त्या नोंदणीकृत मालकावरच ठेवली. म्हणून 'शंभराच्या स्टॅम्पवर लिहून घेतलंय, आता काही होत नाही' असं कुणी म्हणालं तर त्यावर विसंबू नका. स्टॅम्प शंभराचा असो की पाचशेचा, आरसीवरचं नाव त्यानं पुसलं जात नाही.

जाहिरात टाकण्याआधीचा एक रविवार

गाडीचे सगळे कागद जमिनीवर मांडा: आरसी, विमा, पीयूसी, कर्ज घेतलं असेल तर बँकेचे कागद, दुसरी किल्ली, सर्व्हिसची बिलं. आता आरसीवरचं तुमचं नाव आणि पत्ता आधारशी ताडून पाहा. एका अक्षराचा फरक असला तरी पुढे अर्ज अडकतो.

मग परिवहन पोर्टलवर जाऊन आरसीला कोणता मोबाईल नंबर जोडलेला आहे ते बघा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि माझ्या मते हीच सगळ्यात मोलाची. जुन्या गाड्यांना बऱ्याचदा शोरूमच्या माणसाचा किंवा एजंटचा नंबर जोडलेला असतो. व्यवहाराचा ओटीपी आणि चलानचा निरोप त्या नंबरवर जातो आणि तुम्हाला पत्ताच लागत नाही. नंबर बदलण्याची सोय पोर्टलवर आहे, त्यासाठी चेसीस आणि इंजिन नंबर लागतो. हे काम स्वतः करा, कुणाला सांगू नका.

गाडीवर बँकेचा बोजा असेल तर हप्ते फिटल्यावर तो आपोआप उतरत नाही. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओकडे तो उतरवावा लागतो. एनओसीला मुदत असते, त्यामुळे मिळाल्याबरोबर काम उरकून टाका. बोजा असलेली गाडी 'विकून टाकतो, तू नंतर उतरव' म्हणून देणाऱ्या माणसाचं आणि घेणाऱ्याचं, दोघांचंही नुकसान झालेलं मी पाहिलं आहे.

आरसी हरवली असेल तर पोलिसांत तक्रार देऊन फॉर्म २६ वर दुसरी प्रत आधी काढा. आणि गाडी दिवंगत वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावावर असेल तर ती आधी वारसाच्या नावावर करून घ्या, त्यासाठी फॉर्म ३१ आहे. मृत माणसाच्या जुन्या सहीवर किंवा 'तशीच सही मारून' गाडी विकणं हा सरळ खोटा दस्त होतो. २०२१ पासून आरसीवर नॉमिनी नेमून ठेवता येतो. घरातल्या इतर गाड्यांसाठी ते आताच करून घ्या, मागे राहणाऱ्यांचे हेलपाटे वाचतात.

फोटो टाकताना

नंबर प्लेट झाकून फोटो काढा. आरसीचा फोटो तर जाहिरातीत टाकूच नका. तुमच्या आरसीचा आणि गाडीचा फोटो उचलून दुसराच माणूस तुमच्या नावानं जाहिरात करतो, निम्म्या किमतीत गाडी देतो म्हणतो आणि चार-पाच जणांकडून टोकन घेऊन गायब होतो. लोक मग पत्ता शोधत तुमच्या दारात येतात. त्याच मेकच्या, त्याच रंगाच्या गाडीवर तुमचा नंबर चढवून फिरवणारेही असतात. तेव्हा चलान तुमच्या नावावर येतं आणि गाडी तुमच्या पार्किंगमध्ये उभी असते.

घेणाऱ्याला गाडीचा नंबर लागतोच, त्याशिवाय तो तपासणार कसा? पण तो माणूस समोर येऊन गाडी बघून गेल्यावर द्या. झेरॉक्स द्यायची वेळ आली तर त्यावर आडवी रेघ ओढून लिहा: 'फक्त गाडी क्रमांक अमुक पाहण्यासाठी, दिनांक अमुक, नाव अमुक यांना दिली.' अक्षरं छापील मजकुरावर यायला हवीत, कोपऱ्यात लिहिलेलं कापून टाकता येतं. आधारची प्रत द्यायची असेल तर पहिले आठ अंक झाकलेली प्रत यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या.

गाडीत मूळ आरसी ठेवण्याची सवय आता सोडायला हरकत नाही. २०१८ च्या नियमबदलानंतर डिजिलॉकर किंवा एम-परिवहन या सरकारी ॲपमधली आरसी पोलिसांना दाखवलेली चालते. मूळ कागद घरातल्या कपाटात राहू द्या. गाडी चोरीला गेली आणि आरसीही तिच्यातच असली तर चोराचं काम सोपं होतं.

फोन येतात तेव्हा

जाहिरात लागली की तासाभरात फोन सुरू होतात. त्यातला एक ठरलेला असतो: आपण सैन्यात आहोत, बदली झाली आहे, गाडी न बघताच घेतो, पैसे आत्ता पाठवतो. ओळखपत्राचा फोटो, कँटीनचं कार्ड, गणवेशातला फोटो सगळं येतं. मग एक क्यूआर कोड येतो, 'स्कॅन करा, पैसे जमा होतील.' इथे एकच गोष्ट मनावर कोरून ठेवा: यूपीआयचा पिन पैसे जाताना लागतो, येताना कधीच लागत नाही. पिन टाकायला सांगितला की फोन ठेवा. विकणारा म्हणून जाहिरात देतानाही हाच माणूस हेच सोंग घेतो. गाडी विमानतळावर उभी आहे, सैन्याच्या वाहतुकीनं पाठवतो, आधी वाहतुकीचे पाच हजार भरा. मग जीएसटी, मग गेटपास. गाडी नसतेच.

दुसरा प्रकार व्हॉट्सॲपवर येणाऱ्या फाइलचा. 'आरटीओ चलान' किंवा 'आरसी तपासा' अशा नावानं एपीके फाइल येते. ती फोनमध्ये बसवली की एसएमएस आणि ओटीपी भलतीकडे जायला लागतात. सरकारी कामाचं ॲप व्हॉट्सॲपवरून कुणी पाठवत नाही. चलान पाहायचं तर पत्त्याच्या शेवटी 'डॉट जीओव्ही डॉट इन' असलेल्या संकेतस्थळावर स्वतः टाइप करून जा.

तिसरा माणूस खरोखर येतो. बोलायला गोड असतो, भाव फारसा पाडत नाही, फक्त कागद आजच हवे म्हणतो. ही घाई माझ्या अनुभवात भाव पाडण्यापेक्षा वाईट लक्षण आहे.

चक्कर मारायला देताना

येणाऱ्याचं लायसन्स बघा आणि त्याचा फोटो काढून घरातल्या माणसाला पाठवा. कार असेल तर शेजारी तुम्ही बसा. मोटरसायकल असेल तर तो ज्या गाडीवरून आला ती गाडी आणि तिची किल्ली तुमच्याकडे राहू द्या, पण तीही चोरीची असू शकते, म्हणून एवढ्यावर समाधान मानू नका. शक्यतो दिवसा, वर्दळीच्या ठिकाणी, सीसीटीव्ही असलेल्या पेट्रोल पंपाजवळ बोलवा. एकच किल्ली बाहेर काढा. चोरीच्या दाव्याच्या वेळी विमा कंपनी दोन्ही किल्ल्या मागते, त्यामुळे दुसरी कुणाच्या हाती लागता कामा नये.

पैसे

पैसे आल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. हुबेहूब 'पेमेंट सक्सेसफुल' दाखवणारी बनावट ॲप आहेत, खोटे एसएमएसही येतात. तुमच्या बँकेच्या ॲपमध्ये किंवा पासबुकात रक्कम जमा दिसली पाहिजे. चेक असेल तर तो वटेपर्यंत गाडी हलणार नाही, हे आधीच सांगून टाका. बरं वाटत नाही सांगायला, पण सांगायचं. डिमांड ड्राफ्टही बनावट निघतात. त्यावर भरवसा ठेवायचा तर ज्या शाखेचा आहे तिथे स्वतः विचारा. मोठा व्यवहार दोघांनी मिळून घेणाऱ्याच्या बँकेत बसून आरटीजीएसनं करावा, हे मला सगळ्यात निर्धोक वाटतं. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम एका व्यवहारात रोख घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे आणि दंड घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला होतो. आणि रक्कम ज्याच्या नावावर गाडी जाणार त्याच्याच खात्यातून यावी. तिसऱ्याच खात्यातून आलेला पैसा उद्या कुणाच्या फसवणुकीतला निघाला तर तुमचं खातं गोठतं.

कोऱ्या फॉर्मवर सही नाही, कुणी कितीही जवळचं असलं तरी

नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि फॉर्म ३० लागतात. २९ मध्ये तुम्ही गाडी दिल्याचं कळवता, त्याच्या दोन प्रती असतात. ३० हा घेणाऱ्याच्या नावावर करण्याचा अर्ज. यांनाच बाजारात टीटी फॉर्म म्हणतात. एजंट म्हणतो, 'तुम्ही फक्त फुल्या केलेल्या ठिकाणी सह्या करा, बाकी मी भरतो.' त्या फॉर्मवर मग घेणाऱ्याचं नाव महिनोन्महिने रिकामं राहतं. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे जाते, प्रत्येक जण तोच सही केलेला कोरा फॉर्म पुढे देतो, कारण नाव न बदलता विकली तर खर्च वाचतो. त्या साखळीत सगळे नामानिराळे राहतात आणि नाव तुमचं राहतं. मामांचं नेमकं हेच झालं.

म्हणून घेणाऱ्याचं पूर्ण नाव, पत्ता, तारीख, किंमत, चेसीस आणि इंजिन नंबर तुमच्या डोळ्यांसमोर भरले गेले की मगच सही करा. भरलेल्या फॉर्मचा प्रत्येक पानाचा फोटो तुमच्याकडे हवा.

गाडी राज्याबाहेर जाणार असेल, समजा सावंतवाडीची गाडी पणजीला, तर तुमच्या आरटीओची एनओसी लागते. तो फॉर्म २८, आणि सोबत चेसीस नंबरचा पेन्सिलीनं उतरवलेला ठसा. एनओसी काढून दिली म्हणजे तुमचं काम संपलं असं मात्र नाही. तिकडे नोंदणी झाल्याचा कागद मागून घ्या.

किल्ली देण्याच्या क्षणी

त्या क्षणी दोघांनी एक ताबा पावती लिहायची. हातानं लिहिलेली चालते. मी साधारण असं लिहितो:

'गाडी क्रमांक …, चेसीसचे शेवटचे पाच अंक …, ही गाडी आज दिनांक … रोजी संध्याकाळी … वाजता श्री./श्रीमती …, राहणार …, मोबाईल … यांच्या ताब्यात दिली. मीटरवर … किलोमीटर. रक्कम रुपये …, व्यवहार क्रमांक … ने मिळाली. या वेळेपूर्वीचे चलान व देणी विकणाऱ्याची, यानंतरची घेणाऱ्याची. नाव बदलण्याचा अर्ज दिनांक … पर्यंत करण्याचं घेणाऱ्यानं मान्य केलं आहे.'

खाली दोघांच्या सह्या, दोन साक्षीदारांच्या सह्या. तारखेसोबत वेळ लिहायला विसरू नका. सकाळी अकराला गाडी दिली आणि दुपारी तीनला सिग्नल तोडला, तर ती वेळच तुमच्या बाजूनं बोलते. गाडीशेजारी उभ्या घेणाऱ्याचा, नंबर प्लेट दिसेल असा एक फोटो घ्या. या पावतीनं अपघातग्रस्ताच्या दाव्यातून सुटका होत नाही, ते वर सांगितलंच. पण पोलिसांपुढे गाडी कुणाकडे होती हे सिद्ध होतं आणि घेणाऱ्याकडून नुकसान वसूल करायला हातात काहीतरी असतं.

त्याच दिवशी फास्टॅग ज्या बँकेचा असेल तिथे तो बंद करा. फास्टॅग गाडीसोबत दुसऱ्याच्या नावावर जात नाही. बंद केला नाही तर घेणाऱ्याच्या टोलचे पैसे तुमच्या खात्यातून जात राहतात. काचेवरचा टॅग खरवडून काढला तरी बँकेतली नोंद राहतेच, म्हणून बँकेत बंद करणं महत्त्वाचं.

त्यानंतरचा महिना

राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, राज्याबाहेर असेल तर ४५ दिवसांत. घेणाऱ्याला ३० दिवस. घेणारा करेल म्हणून थांबू नका, तुमचं कळवणं तुमचं आहे. पोच असलेली प्रत किंवा स्पीड पोस्टची पावती जपून ठेवा.

दर आठवड्याला एम-परिवहनवर गाडीचा नंबर टाकून मालकाच्या नावाची आद्याक्षरं बदलली का बघा. तीस दिवस उलटले आणि बदलली नाहीत, तर आरटीओला आणि घेणाऱ्याला लेखी पत्र द्या, ताबा पावतीची प्रत जोडा. फोनवर 'करतोय, करतोय' ऐकत बसू नका.

विम्याचंही बघा. तृतीय पक्षाचं, म्हणजे गाडीमुळे दुसऱ्या कुणाचं नुकसान झालं तर त्याच्यासाठीचं, संरक्षण कायद्यानं गाडीसोबत जातं, पण घेणाऱ्यानं १४ दिवसांत विमा कंपनीकडे नाव बदलण्याचा अर्ज करायचा असतो. नाही केला तर त्याच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान झाल्यावर कंपनी हात वर करते. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, मात्र तुमचा असतो, गाडीचा नव्हे. त्याचं पत्र कंपनीकडून मागून घ्या, तीन वर्षांत नव्या गाडीला वापरता येतं.

गाडी वापरलेल्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला देत असाल तर तो नोंदणीकृत आहे का विचारा. एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार अधिकृत डीलरला गाडी दिल्याचं फॉर्म २९सी वर पोर्टलवर कळवता येतं आणि त्यानंतर गाडीची जबाबदारी डीलरकडे जाते. ज्याच्याकडे अधिकृत डीलर असल्याचं प्रमाणपत्र नाही आणि जो 'फक्त सह्या द्या' म्हणतो, त्याला गाडी देऊ नका, दोन-पाच हजार जास्त देत असला तरी.

घेणाऱ्यासाठी

आता दुसऱ्या बाजूचं. टोकन द्यायच्या आधी गाडी आणि आरसीवरचा माणूस, दोन्ही डोळ्यांनी बघा. 'गाडी मेव्हण्याची आहे, तो दुबईला आहे' असं असेल तर मेव्हण्याशी व्हिडिओवर बोला, आणि पैसे त्याच्याच खात्यात टाका.

चेसीस नंबर बघायला शिका. बोनेट उघडलं की बऱ्याच गाड्यांत इंजिनमागच्या पत्र्यावर तो ठोकलेला असतो, मोटरसायकलला हँडलच्या खालच्या नळीवर. कपड्यानं तेल-धूळ पुसा, मोबाईलचा टॉर्च तिरका धरा. अक्षरं एका ओळीत, एका खोलीची, एका वळणाची हवीत. आजूबाजूचा पत्रा जास्त गुळगुळीत असेल, रंग नवा दिसत असेल, बोट फिरवल्यावर कड लागत असेल तर तिथे ग्राइंडर फिरला आहे असं समजा. मग पातळ कागद लावून शिसपेन्सिल आडवी घासा, ठसा उमटतो. तो आरसीशी एकेक अक्षर वाचून जुळवा. सतरा अक्षरं-अंक असतात आणि त्यात आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात, कारण ती एक आणि शून्याशी गोंधळतात. ती दिसली तर तिथूनच परत फिरा. अपघातात भंगार झालेल्या गाडीची आरसी विकत घेऊन तिचा नंबर चोरीच्या गाडीवर ठोकण्याचा धंदा जुना आहे, आणि तो याच ठिकाणी पकडता येतो.

नंतर पोर्टलवर बोजा, विमा, पीयूसी, काळ्या यादीतली नोंद पाहा. ई-चलान थकलेली असतील तर विकणाऱ्याकडून भरून घ्या. चोरीच्या नोंदीसाठी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या संकेतस्थळावर तपासणी करता येते. विमा पॉलिसी खरी आहे का हे कंपनीच्या संकेतस्थळावरून काढलेल्या नंबरवर विचारा, पॉलिसीवर छापलेल्या नंबरवर नको. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीचा इतिहास मिळाला तर मीटर मागे फिरवलंय का तेही कळतं.

पुराच्या गाड्यांबद्दल दोन शब्द वेगळे. २०१९ ला सांगली-कोल्हापूर आणि २०२१ ला चिपळूण-महाडमध्ये असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. धुऊन, सीट कव्हर बदलून अशा गाड्या लांबच्या शहरांत विकल्या जातात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, गुंडाळलेल्या भागात मातीची रेघ राहते. स्टेपनी काढून खालच्या खोबणीत बोट घाला. एसी लावून काचा बंद करून पाच मिनिटं बसा, कुबट वास लपत नाही.

आरसीवर 'डुप्लिकेट' लिहिलं असेल तर मूळ का हरवली ते विचारा आणि तक्रारीची प्रत मागा. मूळ आरसी सावकाराकडे गहाण असते आणि मालक दुसरी प्रत काढून गाडी विकतो, असंही होतं. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवली आहे का तेही बघून घ्या, नाहीतर तो खर्च आणि ती रांग तुमच्या वाट्याला.

फसवणूक झालीच तर

पैसे गेले असतील तर पहिले काही तास फार मोलाचे असतात. १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करा, मग सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार, आणि बँकेला लेखी कळवा. लाजेपोटी दोन दिवस गप्प बसलेल्या माणसाचा पैसा चार खात्यांतून निघून गेलेला असतो. फसवणारा तुमच्यापेक्षा सराईत होता, यात लाजण्यासारखं काही नाही.

गाडी पूर्वी कधीतरी कोऱ्या सह्यांवर विकली असेल आणि अजून नाव तुमचंच असेल, तर आज संध्याकाळी एम-परिवहन उघडा. विमा कधी संपलाय, चलान किती थकलीत बघा. घेणाऱ्याचा जुना नंबर शोधा, नोंदणी करायला लावा. तो सापडत नसेल तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि तिच्या प्रतीसह आरटीओला अर्ज करा, की ही गाडी माझ्या ताब्यात नाही, तिच्यावर पुढचा कोणताही व्यवहार मला विचारल्याशिवाय होऊ देऊ नये. दोन्हीकडची पोच घ्या. मामांची दुसरी एक जुनी स्कूटर अशीच कुठेतरी फिरत होती. नोटीस आल्यानंतरच्या आठवड्यात आम्ही तिचा माग काढला. ती तालुक्याच्या गावी एका भंगारवाल्याच्या मागच्या अंगणात उभी होती, नंबर प्लेट जशीच्या तशी. तिथूनच आम्ही ती आणली, चेसीसचा ठसा घेतला आणि आरटीओत नोंदणी रद्द करण्याचा अर्ज दिला. त्या अर्जाची पोच मामांनी त्याच लोखंडी पेटीत, डायरीच्या त्या पानाशेजारी ठेवली आहे.